खुंटीला बांधलेल्या गाड्या

अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात हिवाळ्यात कुठल्याही मोठ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गेलं, तर गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. तिचं टोक समोरच्या खांबावरच्या सॉकेटमध्ये खोचलेलं असतं. गोठ्यात दाव्याने बांधलेली गुरं उभी असावीत, तशा या गाड्या रांगेत असतात. त्या विजेवर चालणाऱ्या नव्हेत, साध्या पेट्रोलच्याच. वायर जाते ती इंजिनाला बसवलेल्या छोट्या हीटरकडे. तिथले लोक त्याला ‘हेडबोल्ट हीटर’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू व्हावं, एवढंच त्याचं मूळ काम. शहराने त्याला आणखी एक काम लावलं: हवेतला कार्बन मोनॉक्साइड आटोक्यात ठेवण्याचं.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे आधी ताण पडतो तो हृदयावर. अमेरिकेने 1971 साली त्याची मर्यादा ठरवली: आठ तासांची सरासरी दहा लाख भागांत 9 भाग. ही पातळी वर्षातून एकदाच ओलांडलेली चालते. दुसऱ्यांदा ओलांडली की नियमभंग.

फेअरबँक्ससारख्या लहान गावाला ही मर्यादा जड का जावी? उत्तर भूगोलात आहे. गाव तनाना खोऱ्यात, तीन बाजूंना टेकड्या, वारा जवळपास नाहीच. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य चार तासही दिसत नाही. बर्फाळ जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा गारठते आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. खाली सोडलेला धूर खालीच राहतो.

त्यात भर गार इंजिनाची. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल पाजावं लागतं. ते पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो निस्तरणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापेपर्यंत निकामी असतो. म्हणजे खरी घाण गाडीच्या पहिल्या काही मिनिटांतली.

हे कारण पकडण्याआधी आणि नंतरही इतर उपाय झालेच. 1985 पासून गाड्यांची धूरतपासणी सुरू झाली. 1992 च्या हिवाळ्यात पेट्रोलमध्ये एमटीबीई हे ऑक्सिजनयुक्त रसायन मिसळलं गेलं. लोकांनी डोकेदुखी आणि मळमळीच्या इतक्या तक्रारी केल्या, की राज्यपालांनी डिसेंबरातच ते थांबवलं. हीटरच्या प्लगचं तसं झालं नाही, कारण तो लोकांच्या सवयीचाच होता. अडचण वेगळी होती. गाडी सुरूच होणार नाही अशी थंडी असली, की लोक आपणहून वायर लावत. उणे सात-आठ अंश सेल्सिअसला मात्र ‘एवढ्याला कशाला’ म्हणून सोडून देत. हवा कोंडायला तेवढीही थंडी पुरते. म्हणून स्थानिक प्रशासनाने नियम केला, की पारा 20 अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे सातला आला, की मोठ्या पार्किंगमधल्या सॉकेटांना वीज चालू हवी.

हवा सुधारली, पण सगळं श्रेय प्लगचं नाही. जुन्या गाड्या जाऊन नव्या, स्वच्छ इंजिनांच्या गाड्या आल्या, हा मोठा वाटा. 1999 नंतर मर्यादा मोडली गेली नाही आणि 2004 मध्ये शहराला ‘मानक गाठलेलं’ असा दर्जा मिळाला.

अमेरिकेचा कायदा इथे थांबत नाही. दर्जा मिळाल्यावर पुढची दहा वर्षं तो कसा राखणार याचा आराखडा द्यावा लागतो, त्यानंतर आणखी दहा वर्षांचा. मोजणी चालू ठेवायची, आकडा पुन्हा चढला तर कोणता उपाय करायचा हे आधीच लिहून द्यायचं. त्या हिशेबात शहराला सवलतही मिळाली: 2009 अखेर धूरतपासणी बंद झाली, कारण तिच्याशिवायही आकडे मर्यादेखाली राहतील असं दाखवता आलं.

आपल्याकडची मर्यादा कागदावर याहून कडक आहे. 2009 च्या राष्ट्रीय मानकांत आठ तासांसाठी घनमीटरमागे 2 मिलिग्रॅम. अमेरिकेची 9 भागांची मर्यादा याच मापात सुमारे 10. पण आपल्या पीयूसीत पेट्रोल गाडीचा धूर मोजतात तो इंजिन तापवून. सकाळच्या गार इंजिनाचा हिशेब त्यात येत नाही.

फेअरबँक्सचीही सुटका झालेली नाही. 2009 मध्येच सूक्ष्म धूलिकणांसाठी ते ‘मानक न गाठलेलं’ ठरलं. हवेचं झाकण तेच, टेकड्याही त्याच. या वेळी धूर मुख्यतः घराघरांतल्या लाकडाच्या शेगड्यांचा. गाडीला वायर लावायला लोक तयार होते, कारण त्यात त्यांचीही सोय होती. शेगडी विझवायची तर उबेचा पर्याय परवडणारा हवा, आणि तो सॉकेट बसवण्याइतका स्वस्त नाही.