‘तिथं आपलं कोण आहे?’

कोकणातल्या मुस्लिम घरातला मुलगा परदेशी निघाला की पगाराआधी एक प्रश्न विचारला जातो, ‘तिथं आपलं कोण आहे?’ हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले मुसलमान केपटाऊनला जाऊ लागले. आधी गेलेल्याने दुकान थाटले की मागून धाकटा भाऊ, भाचा, शेजारचा मुलगा. उतरायला खोली, जेवायला ओळखीचे कालवण, हाताला काम, सगळे तयार. परक्या मुलखाची भीती आपल्याच माणसाने अर्धी केली. म्हणून एकेका गावची माणसे त्याच शहरात जात राहिली.

१९१३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेने नव्या भारतीयांना दार बंद केले. सवलत उरली ती तिथे आधीच राहणाऱ्यांच्या पत्नीला आणि १६ वर्षांखालील मुलांना. म्हणजे आता दाराची किल्ली आधी गेलेल्याच्याच हाती! सोळावे लागण्याआधी मुलाला बोलावून दुकानात उभे करायचे, अशी रीत पडली. पुष्कळ बायका मात्र गावीच राहिल्या. त्यांच्या वाट पाहण्याचा हिशेब कुठल्या दप्तरात नाही. १९५३ मध्ये ती सवलतही गेली.

१९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला आणि आपली पावले तिकडे वळली. तिथे जन्म घालवला तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही, राहण्याचा परवाना कफीलशी बांधलेला. तरी साखळी तीच, मामू व्हिसा पाठवतात. मामूंचे उपकार खरेच. पण त्यांची ओळख जिथे, भाच्याला कामही तिथलेच मिळते. नववीतली मुले ‘सर, माझं दुबईचं ठरलंय’ म्हणत वह्या मिटतात, तेव्हा मला राग येतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ लागते आणि आखातात नोकरीला जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. एका इयत्तेसाठी हे का ओढवून घ्यायचे?

आणखी एक. नात्यातूनच कोणी ‘आझाद व्हिसा’ विकत देऊ करतो. कायद्यात असा व्हिसाच नाही. कागदावरच्या कफीलला सोडून परवानगीविना दुसरीकडे काम करताना पकडले, तर दंड आणि परत पाठवणी मुलाच्या वाट्याला येते. पैसे मोजण्याआधी करारपत्र मागवा, मालकाचे नाव, काम आणि पगार वाचा. चाचांनी पाठवले असले तरी वाचा.