बोटीवर जाताना विमा कोणता?

आम्ही कॉटन ग्रीनच्या गटातल्या. मुंबई–गोवा क्रूझचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, "आपला २० रुपयांचा विमा आहे की!" आहे, पण प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला २ लाख देते, अपघातानं अपंगत्व आलं तरी देते. बोटीवर छातीत दुखलं तर डॉक्टरचं बिल ती भरत नाही, आणि तिथला डॉक्टर फुकट नसतो. म्हणून प्रवास विमा घेताना विचारा: देशातल्या देशातला समुद्रप्रवास यात धरलाय का? आजारी बाईला भरसमुद्रातून किनाऱ्यावर आणायचा खर्च कोण देणार? बीपी, साखर असेल तर फॉर्मवर लिहाच. लपवलं की दावा अडतो. डॉक्टरची चिठ्ठी आणि बिल उतरण्याआधी मागून घ्या.