विमा पाच लाखांचा, मग महिन्याच्या गोळ्या खिशातूनच का? समजून घ्या ‘डिडक्टिबल’चे गणित

वर्धा : घरात आरोग्य विम्याचे कार्ड असते, हप्ताही वेळेवर भरलेला असतो. तरी बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्यांचे बिल दर महिन्याला स्वतःच भरावे लागते. हप्ता कमी बसावा म्हणून जास्त डिडक्टिबलची पॉलिसी घेतलेल्यांना तर वाटते, या बिलांची बेरीज होत होत एक दिवस विमा सुरू होईल. तसे होत नाही. ते का, आणि मग हा खर्च कमी कसा करायचा, हे समजून घेऊ.

डिडक्टिबल म्हणजे काय?

विमा कंपनीची जबाबदारी सुरू होण्याआधी रुग्णाने किंवा त्याच्या दुसऱ्या पॉलिसीने भरायची ठरलेली रक्कम म्हणजे डिडक्टिबल. आपल्याकडे ती प्रामुख्याने टॉप-अप आणि सुपर टॉप-अप पॉलिसींत असते. रक्कम जितकी मोठी, तितका हप्ता कमी.

समजा, डिडक्टिबल 3 लाखांचे आहे. वर्षात दोनदा भरती व्हावे लागले. एक बिल 2 लाखांचे, दुसरे अडीच लाखांचे. सुपर टॉप-अप वर्षभराची बिले एकत्र मोजते. म्हणजे साडेचार लाखांतून 3 लाख वजा होऊन नियमांनुसार दीड लाखापर्यंत मिळू शकतात. साधी टॉप-अप मात्र साधारणपणे प्रत्येक भरती वेगळी मोजते. एकही बिल 3 लाखांच्या वर नसल्याने तिथे हाती काहीच येत नाही.

मग गोळ्यांचे बिल यात का धरत नाहीत?

कारण या पॉलिसी मुळात रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चासाठी असतात. महिन्याला 2,400 रुपयांच्या गोळ्या लागत असतील, तर वर्षाचे 28,800 रुपये होतात. पण हा बाह्यरुग्ण, म्हणजेच ओपीडीचा खर्च. तो विम्यातून मिळत नाही आणि डिडक्टिबलच्या बेरजेतही येत नाही. अमेरिकेत अशा अनेक योजनांत औषधांची बिले डिडक्टिबलमध्ये मोजली जातात. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून इथला हिशेब करू नये.

औषधाचे पैसे विम्यातून कधी मिळतात?

भरती असतानाची औषधे सहसा दाव्यात येतात. त्याशिवाय बऱ्याच पॉलिसींत भरतीपूर्वीचे 30 आणि सुट्टीनंतरचे 60 दिवस धरलेले असतात. तुमच्या पॉलिसीतील आकडा तपासा. औषध त्याच आजाराचे हवे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या नावाचे पक्के बिल हवे. घरी आल्यावर बिले फेकून दिल्याने हक्काचे पैसे बुडतात.

ओपीडी खर्चाचे वाढीव संरक्षणही विकत मिळते. ते घेण्याआधी जादा हप्ता आणि वर्षाला औषधासाठी मिळणारी कमाल रक्कम, हे दोन आकडे शेजारी लिहून पाहा. फरक थोडाच असेल, तर उपयोग नाही.

महात्मा फुले योजनेतून गोळ्या मिळतात का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचे असून, 2024 पासून ते राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुले झाले. पण तीही ठरावीक उपचारांसाठी, अंगीकृत रुग्णालयातील भरतीची योजना आहे. सुट्टीनंतरची औषधे काही दिवसांचीच मिळतात, वर्षभराच्या गोळ्या नाहीत.

खर्च नेमका कुठे कमी होतो?

1. सरकारी दवाखाना : सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, हिंगणघाट व आर्वीची उपजिल्हा रुग्णालये आणि वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय येथे बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांची चौकशी आधी करा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम राज्यात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात वर्धा होता.

2. जनऔषधी केंद्र : येथील औषधे ब्रँडेड औषधांच्या तुलनेत साधारण 50 ते 80 टक्के स्वस्त असतात. जवळचे केंद्र आणि किंमत ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल ॲपवर पाहता येते. वरच्या उदाहरणातील 2,400 रुपयांवर निम्मी बचत झाली, तरी वर्षाला 14,400 रुपये वाचतील.

3. घटकाचे नाव विचारा : डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव लिहून मागा. पेटंट संपले की त्याच औषधाच्या किमती उतरतात. शुगरसाठी दिल्या जाणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च 2025 मध्ये संपले. पूर्वी 60 रुपयांच्या आसपास असलेल्या गोळीचे पर्याय त्यानंतर 10 रुपयांच्या आतबाहेर आले. जुनीच चिठ्ठी दाखवून औषध घेणाऱ्याला हा फरक कळतही नाही.

4. किंमत तपासा : राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या सुविधेवर एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या किमती दिसतात.

एक सावधगिरी बाळगा. फिट्स, थायरॉईड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

वर्ध्याने हा प्रश्न आधी कसा सोडवला होता?

चार दशकांपूर्वी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी विमा योजना राबवली. सुगीत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. त्या वर्गणीतून गावातल्या आरोग्य सेवकाकडची औषधे आणि रुग्णालयातील उपचारांची सवलत, दोन्हींची सोय व्हायची. आजच्या पॉलिसीत यातील दुसराच भाग उरला आहे. पहिल्याची व्यवस्था आपल्याला वेगळी करावी लागते.

सर्वांत महागडी बचत कोणती?

गोळी बंद करणे. पेरणीच्या दिवसांत बी-बियाणे आणि खतांचा खर्च अंगावर येतो, तेव्हा ‘बरे वाटतेय’ म्हणून बीपीची गोळी थांबवली जाते. वाढलेला रक्तदाब अनेकदा जाणवत नाही. कळतो तो लकवा किंवा हृदयविकाराने. तेव्हा येणाऱ्या बिलातले पहिले 3 लाख, दुसरा विमा नसेल तर, घरातूनच द्यावे लागतात.

आता काय कराल?

- पॉलिसीत डिडक्टिबल ‘प्रति दावा’ आहे की ‘वार्षिक एकत्रित’, ते पाहा.
- तेवढी रक्कम मूळ विमा किंवा वेगळी ठेव यातून उभी राहील का, याचा हिशेब मांडा.
- सर्व गोळ्यांची घटकनावासह यादी करा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा. यातली कोणती स्वस्तात मिळेल आणि कोणती आता लागत नाही, हे दोन प्रश्न विचाराच.