पोथीचा पत्ता लिहून घ्या!

चौक गावात आषाढातला पाऊस लागला की इर्शाळगड दिवसच्या दिवस ढगांत गडप होतो. दप्तरातल्या वह्या दमट होतात, कपाटातल्या पुस्तकांना कुबट वास येतो. अशा हवेत कागद साडेपाचशे वर्षं टिकेल का? कठीणच!

पण बोरघाट चढून पुण्याला गेलात, तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १४६४ साली हातानं लिहिलेली ऋग्वेदाची पोथी आहे. तेव्हा भारतात छापखाना आलेलाही नव्हता! संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांना युनेस्कोनं २००७ मध्ये ‘जगाची स्मृती’ या यादीत स्थान दिलं. त्यांतली एक तर कागदावर नाहीच. ती आहे भूर्जपत्रावर, म्हणजे हिमालयातल्या भूर्ज नावाच्या झाडाच्या सालीवर, शारदा लिपीत लिहिलेली.

अशी पोथी दुरूनही पाहता यावी म्हणून तिचे फोटो काढतात. पण इतक्या जुन्या पोथीचा फोटो कसा काढायचा? झेरॉक्सच्या काचेवर पालथी घालून? छे छे! आपल्याकडच्या पोथीची पानं बहुधा सुटी असतात. मऊ ब्रशनं धूळ झटकायची, दोन्ही हातांनी एकेक पान अलगद उचलायचं आणि सपाट टेबलावर ठेवायचं. कॅमेरा वर स्टँडला, तोंड खाली. दिवे न तापणारे, फ्लॅश बंद. पानाशेजारी मोजपट्टी आणि रंगांच्या चौकटींचं एक कार्ड. पट्टीवरून पान केवढं ते कळतं, कार्डावरून शाईचा खरा रंग. मग पान उलटून मागची बाजू.

फोटो मोठा करून पाहिलात की गंमत दिसते. काळ्याभोर ओळीत मध्येच एक पिवळा ठिपका! पोथी उतरवताना चूक झाली की त्या अक्षरावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप द्यायचे आणि वर नवं अक्षर लिहायचे. हरताळात आर्सेनिक असतं, ते विषारी. म्हणून पोथीची पानं उलटताना बोट जिभेला लावायचं नाही, कधीच नाही!

फोटो झाले, आता काम संपलं? मला विचाराल तर खरं काम इथून सुरू होतं. नोंद नसलेला फोटो म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट. कॉम्प्युटरमध्ये हजारो फोटो असतील, पण हवी ती पोथी शोधणार कशी?

पोथीला मुखपृष्ठ नसतं. ग्रंथाचं नाव, उतरवणाऱ्याचं नाव, गाव, तिथी हे सगळं बहुतेकदा शेवटी, ‘पुष्पिके’त असतं. आणि शेवटचं पानच गहाळ असेल तर? म्हणून सूची करणारे पोथीचे पहिले आणि शेवटचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतात. तेच शब्द दुसऱ्या पोथीत सापडले की बिननावाच्या पोथीची ओळख पटते. शिवाय लिपी, भाषा, पानं किती, लांबी-रुंदी, एका पानावर ओळी किती, हेही लिहायचं. पुष्पिकेत शके १५०६ दिसलं तर इसवी सन काढायला ७८ मिळवा (वर्षाचे शेवटचे महिने असतील तर ७९). आलं १५८४! त्याच साली संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती एकमेकींशी ताडून शुद्ध प्रत तयार केली.

प्रती ताडणं सोपं नसतं बरं का. भांडारकर संस्थेनं महाभारताची १२५९ हस्तलिखितं तपासली. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पूर्ण झालं. तेव्हा पोथी तरी मागवावी लागे, नाहीतर माणसाला तिथं जावं लागे. आज पोथी इंटरनेटवर खुली असेल, तर चौकमधली मुलगीसुद्धा ती घरबसल्या पाहू शकते. ‘कोडेक्स सिनाइटिकस’ या बायबलच्या प्राचीन हस्तलिखिताची पानं ब्रिटन, जर्मनी, रशिया आणि इजिप्त अशा चार देशांत विखुरलेली आहेत. २००९ मध्ये ती इंटरनेटवर एकत्र आली, एकही पान जागचं न हलवता!

आता तुमची पाळी. चौक, कर्जत, खालापूरकडच्या एखाद्या जुन्या घरात, देवघरात नाहीतर माळ्यावर, फडक्यात बांधलेली पोथी असू शकते. सापडली तर चिकटपट्टी नको, लॅमिनेशन नको, कडक ऊनही नको. पानांचा क्रम मोडू नका. मोठ्यांना बरोबर घेऊन फोटो काढा आणि वहीत लिहा: गाव कोणतं, पानं किती, पहिली ओळ, शेवटची ओळ. मोडी लिपी असेल आणि वाचता आली नाही, तरी हरकत नाही. घरच्यांची परवानगी घ्या आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला पत्र लिहून कळवा.