विसरभोळ्यांची पाठशाळा

विसराळू माणूस दिसला की मराठी मनाला राम गणेश गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकातील गोकुळ आठवतो. बालकवितेतही त्याचे भाऊबंद आहेत. रशियन कवी सामुईल मार्शाक यांनी १९३० साली मुलांसाठी रंगविलेला वेंधळा गृहस्थ टोपीऐवजी तवा डोक्यावर चढवितो. गाडीपासून सोडविलेल्या डब्यात बसून ‘हे स्थानक कोणते?’ असे विचारीत राहतो.

यातले मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. तव्याची जागा चुलीवर आणि इंजिनावाचून डबा हलत नाही, हे ज्याला ठाऊक, तेच मूल हसते. हसू ही अवधानाची पावतीच होय.

ज्या सावनेरला गडकऱ्यांनी १९१९ साली देह ठेवला, तेथून नागपूरपर्यंतच्या शाळांत आजही वही विसरलेल्या मुलाला ‘लक्ष कुठे आहे?’ असे दरडावले जाते. भ्यालेले मूल फळ्याकडे न पाहता गुरुजींच्या मुद्रेकडे पाहते. विनोदी कवितेतील चूक दुसऱ्याची असल्याने ती निर्धास्तपणे निरखता येते, आणि पुढे स्वतःचीही. अशा कवितेला पाठ्यपुस्तकात केवळ विरंगुळा मानणाऱ्यांनी एवढे विसरू नये.