समुद्र हलतो जवसाच्या तेलात

मोहोळच्या काळ्या रानातून समुद्र लांबच. पण तैलचित्रातला समुद्र हलतो तो जवस आणि करडईच्या तेलावर, म्हणजे आपल्या रब्बीच्या ओळखीच्या पिकांवर, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत ते सावकाश घट्ट होतं, त्याला दिवसच्या दिवस लागतात. चित्रकाराला हवी असते ती हीच सवड. क्षितिजावर आकाश आणि पाणी दोन्ही ओलं असताना मऊ कोरडा ब्रश हलकेच फिरवला, की मधली कड विरते आणि दमट हवा दाटून येते. उभ्या लाटेसाठी उजळ थर वाळू देतात आणि त्यावर पातळ, पारदर्शक हिरवा चढवतात. उजेड वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या थरावरून परततो. लाट आतून उजळल्यासारखी दिसते. फेस मात्र सुरीने जाड थापायचा. त्या उंचवट्यांची खरीखुरी सावली पडते, आणि आपण दोन पावलं सरकलो की त्यांवरची चमकही सरकते. पांढऱ्या रंगात पुष्कळदा करडईचं तेल घालतात, कारण जवसाचं तेल वर्षं सरतात तसं पिवळं पडतं. करडईचं त्या मानानं कमी.

या साऱ्याचं टोक मला वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांत दिसतं. जन्म नागपूरचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. मुंबईत वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत, तेव्हा समोर समुद्रच होता. तो ते तासन्‌तास बघत बसत. पण त्यांच्या १९६०च्या दशकातल्या कॅनव्हासवर ना होडी, ना लाट. रोलरने रंग पसरायचा, ओला असतानाच सुरीने ओढून काढायचा, पुन्हा चढवायचा. खालचा थर वरच्यातून कुठे डोकावतो, कुठे बुडतो. आपल्या कामाला ते ‘अमूर्त’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. तरी माझ्या मते समुद्राच्या सर्वांत जवळ तेच गेले, कारण समुद्राला रेघ नसतेच. कॅनव्हासवर पुष्कळदा एक आडवा, पुसट पट्टा असतो. डोळा आपसूक त्याला क्षितिज ठरवतो आणि उरलेल्या रंगाला पाणी.