रास्ता रोको संपला, केस मात्र राहिली! आंदोलनातले गुन्हे मागे कसे घेतले जातात, समजून घ्या

पांढरकवडा : कापसाचा भाव, पीकविमा, जळालेली डीपी, नाही तर टिपेश्वरच्या काठावरच्या गावांतला वाघाचा त्रास. पक्ष कोणताही असो, तालुका कमिटीच्या मासिक बैठकीत विषय जवळपास हेच राहतात. ठराव होतो, तहसीलदारांना निवेदन जाते, आठ दिवसांची मुदत दिली जाते आणि मग मोर्चा किंवा राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रास्ता रोको. दुपारी पोलीस ताब्यात घेतात, संध्याकाळी सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि पुढच्या बैठकीत नवा विषय निघतो.

पण त्या दिवशी लिहिलेला गुन्हा कागदावर तसाच राहतो. पुढे दोषारोपपत्र जाते, समन्स निघतो. नेत्याचा वकील असतो, तारखेला गाडी असते. मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र पेरणी सोडून कोर्टात जावं लागतं. त्यातच कुणीतरी सांगतं, "सरकारनं सगळ्या केसेस मागे घेतल्या, आता जायची गरज नाही." इथंच माणूस फसतो.

गुन्हा कोणत्या कलमाखाली लागतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याआधीच्या घटनेला जुनी कलमं लागतात, त्यानंतरच्या घटनेला नवी. आंदोलनात साधारणपणे ही कलमं दिसतात :

• बेकायदेशीर जमाव, पाच किंवा जास्त माणसं : जुनं १४३, आता १८९. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. पांगण्याचा हुकूम झाल्यावरही थांबल्यास दोन वर्षांपर्यंत.
• सरकारी आदेश मोडणे : जुनं १८८, आता २२३.
• रस्ता अडवणे : जुनं २८३ आणि ३४१, आता २८५ आणि १२६.
• सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळाचा वापर : जुनं ३५३, आता १३२. हे अजामीनपात्र आहे.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी असेल आणि ती मोडली, तर कलम १३५ लागतं. आंदोलनाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना मिळणारी '१४९ ची नोटीस' आता कलम १६८ ची झाली आहे.

निवेदनात 'आत्मदहनाचा इशारा' लिहायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न करणे हा न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. जिवाचा प्रश्न तर त्याहून मोठा. असा मजकूर कमिटीनं निवेदनात टाकूच नये.

ताब्यात घेतलं तर काय हक्क आहेत?

• अटक झाल्यास कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून.
• सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस अटक न करता कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. नोटीस पाळली तर सहसा अटक होत नाही. नोटीस टाळू नये.
• तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या वर किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. आंदोलनात म्हातारे बाबाजी, आजी पुढं असतात, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं.
• अनुसूचित जाती-जमातीची माणसं, महिला आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्यातल्या कोलाम, गोंड बांधवांनी हे ध्यानात ठेवावं. कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या नंबरवर फोन लावावा.

'केस मागे घेतली' म्हणजे नेमकं काय?

राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्यासाठी राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढते. जून २०२५ च्या निर्णयात ३१ मार्च २०२५ पर्यंत दोषारोपपत्र दाखल झालेले खटले घेतले आहेत. मुख्य अटी दोन : आंदोलनात कुणाचा जीव गेलेला नसावा आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांपेक्षा जास्त नसावं.

पण शासन निर्णय निघाला म्हणून खटला आपोआप संपत नाही. पुढच्या पायऱ्या अशा :

१. सरकारी समिती प्रत्येक खटला तपासून शिफारस करते.
२. सरकारी वकील कोर्टात खटला मागे घेण्याचा अर्ज देतो. याला आधी कलम ३२१ होतं, आता ३६० आहे.
३. कोर्ट संमती देते किंवा नाकारते. नव्या कायद्यात पीडित व्यक्तीचं म्हणणं ऐकल्याशिवाय संमती देता येत नाही. बसची काच फुटून कुणी जखमी झालं असेल, तर त्यालाही बोलायचा हक्क आहे.
४. आरोप निश्चित होण्याआधी संमती मिळाली तर आरोपी आरोपमुक्त होतो. नंतर मिळाली तर निर्दोष सुटतो.

आजी-माजी आमदार, खासदार आरोपी असतील तर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार उच्च न्यायालयाची परवानगी लागते. एकाच गुन्ह्यात नेता आणि गावकरी असतील तर ही गोष्ट वकिलाला नक्की विचारावी.

कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत तारखेला जावंच लागतं. गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते. आपल्या केसची तारीख मोबाइलवर 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' ॲपमध्ये नाव किंवा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकून पाहता येते.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी काय करावं?

सगळ्यात मोठा फटका यांनाच बसतो. पोलीस भरती असो की दुसरी सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसतो. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर केस लपवू नये. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं की उमेदवारानं खरी माहिती द्यावी. तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपली असेल, तर ती सोडून द्यायची की नाही हे नोकरी देणारा ठरवू शकतो, असंही त्यात आहे. म्हणजे सूट मिळेलच असं नाही.

दुसरी चूक म्हणजे 'दंड भरून मोकळं होऊ' म्हणत गुन्हा कबूल करणं. दंड शे-पाचशेचा असला तरी ती दोषसिद्धीच असते आणि नोंद राहते. आधी वकिलाला विचारावं.

कमिटीच्या बैठकीत हे पाच विषय घ्या

• आतापर्यंतच्या सर्व आंदोलनांतल्या गुन्ह्यांचं एक रजिस्टर : गुन्हा क्रमांक, तारीख, कलमं, आरोपींची नावं, कोर्टातला नंबर, पुढची तारीख.
• शासन निर्णयात बसणाऱ्या खटल्यांची यादी करून सरकारी वकील आणि उपविभागीय अधिकारी कार्यालयाकडे लेखी पाठपुरावा. पोच घ्यायला विसरू नये.
• पदाधिकारी आणि साधा शेतकरी, दोघांसाठी एकच वकील आणि एकच खर्चाची सोय.
• मागे घेतलेल्या खटल्याच्या आदेशाची प्रत प्रत्येक आरोपीच्या घरी पोचवणं.
• पुढच्या आंदोलनाआधी परवानगीचा अर्ज आणि जमावबंदी आहे का याची चौकशी.

सभासद नोंदणी आणि बूथच्या याद्या कमिटी नीट ठेवते. तशीच ही यादीही ठेवता येते. आपलं नाव एखाद्या गुन्ह्यात आहे असं वाटत असेल, त्यानं कुणाच्या तोंडी शब्दावर न राहता ठाण्यात गुन्हा क्रमांक विचारावा आणि कोर्टात केसची स्थिती पाहून यावी.